तुळयांखालचे चेहरे

४ मे १३४९
पोचलो. गाव एवढंसं, चर्च मात्र ऐटदार. पाद्री म्हणून ही माझी पहिलीच जागा. धाकटी बहीण इडोनिया घर लावायला सोबत आली आहे. आल्या आल्या तिने शेजारणीकडून एक कोंबडी आणि गावभरच्या बातम्या मिळवल्या. छताच्या तुळया दगडी टेकूंवर बसवल्या आहेत. प्रत्येक टेकूवर एक चेहरा कोरलेला: कोणी जीभ काढून दाखवतोय, कोणी दुखरी दाढ धरून बसलाय. शंभर वर्षांपूर्वीचं काम. सहा टेकू कोरेच राहिले होते. ते पुरे करायला हॅमन पाथरवट दिवसभर शिडीवर असतो. मला निरखून म्हणाला, "पाद्रीबाबा, नाक अंमळ मोठं आहे तुमचं. दगड पुरायला हवा."

१९ मे
महामारी आली. काखेत गाठ, तिसऱ्या दिवशी मरण. नऊ जणांना पुरलं. गाठ येऊनही गिरणीवाल्या थर्स्टनची बायको तेवढी जगली. हॅमनने गेल्या आठवड्यात पहिल्या टेकूवर तिचाच चेहरा कोरला होता. गावाने काय ते ओळखलं.

२४ मे
लोक चर्चच्या दारात बसून असतात. आमचं माणूस वर कोरा म्हणून हॅमनचे पाय धरतात. गिरणीवालीसकट चार चेहरे झाले, चौघंही जिवंत आहेत. काल इडोनियाला ताप भरला. रांगेत पुढे एक आई होती, तान्ह्या मुलाला घेऊन. तिला मी बाजूला सारलं आणि पाचवा दगड बहिणीला दिला. सहावा हॅमन माझ्यासाठी घडवतोय. मी नको म्हणालो नाही.

२९ मे
ज्यांचे चेहरे कोरले त्यांच्यातलं मरत कोणी नाही, पण बरंही होत नाही. गाठी फुटल्या, अंग काळं पडून सडतंय, श्वास चालूच. थर्स्टन म्हणाला, "बाबा, आता तिला जाऊ द्या. ती रोज मला हेच मागते." मी शिडी धरली. त्याने तो चेहरा फोडला. त्याच घटकेला ती गेली.

१ जून
हॅमन गेला. माझा चेहरा पुरा केला होता, स्वतःचा त्याने कोरलाच नव्हता. थर्स्टनही गेला. इतर तिघांच्या नातलगांनी आपापले दगड फोडले. जे धड होते ते गाव सोडून निघाले.

२ जून
इडोनियाचे डोळे गेले. माझी बोटं धरून म्हणाली, "दादा, माझा दगड फोड. मला चालता आलं असतं तर तुला सांगितलं नसतं." मी म्हणालो, उद्या.

४ जून
फोडला. तीन घाव लागले. पहिले दोन मी हळूच — हात धजेना. तिला एकट्याने पुरलं.

६ जून
काखेत गाठ.

१० जून
शिडी लावली. उजवा हात वर जात नाही. चार पायऱ्या — पडलो.

तारीख कळत नाही
रस्त्यावरून दोघं गेली. हाक मारली. माझ्याकडे पाहिलं आणि पळाली.

नंतर
ज्याला ही वही मिळेल त्याने — उत्तरेची भिंत, शेवटचा चेहरा. शिडी तिथेच आहे. माझ्या अंगावरचं कापड उचलून बघू नका. मी जिवंत आहे. आधी वर जा, आधी तो फो—