लाल रिंग

दि. ६ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आमच्या चष्म्याच्या दुकानात मोडक्या दांड्यांचा आणि सैल स्क्रूंचा ढीग माझी वाट बघत होता. कंबर मोडली.

आता मुद्द्याचं. तुमच्या इलेक्ट्रिक कुकरसाठी दोन नव्या रिंगा पाठवते आहे. झाकणाच्या आत ती रबरासारखी रिंग बसते ना, ती मेली वास धरून ठेवते. एकदा लसणाचं सूप केलं की आठवडाभर सोडत नाही. म्हणून निळी रिंग तिखटामिठाच्या स्वयंपाकाला आणि लाल फक्त गोडाला. जुनी खुशाल फेकून दे. परवा आईच्या दूध-तांदळाच्या पुडिंगला काय लसणाचा घमघमाट सुटला होता, बाई! मी वाटी सरकवून, हे पुडिंग आहे की कालचं सूप असं विचारलं, तेव्हा दादाला हसता हसता ठसका लागला. तू तेवढी गप्प होतीस. आईसुद्धा.

निघताना आई दारापर्यंत आली नाही. डोळा लागला असेल म्हणून मी उठवलं नाही. तिची तब्येत बरी आहे ना? लिही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
मिरची

दि. १९ मार्च

चि. मिरचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रिंगा मिळाल्या, झाकणाला नीट बसतात. लिहू की नको असं करत चार दिवस काढले. तुझी जीभ नावाला शोभेल अशीच, पण पोटात काही नसतं हे मला ठाऊक आहे. तरी झालं ते सांगायलाच हवं.

तू गेल्यावर आईंनी झाकणातली जुनी रिंग काढून नाकाशी धरली. मग मला हाक मारून विचारलं, हिला खरंच वास येतो का गं? मी थोडा येतो म्हटलं. त्या म्हणाल्या, मला काहीच येत नाही. गेल्या वर्षीच्या त्या तापापासून त्यांना कसलाच वास येत नाही. जेवण बेचव लागतं ते वयामुळे, अशी त्यांची समजूत होती. खरं काय ते तुझ्या त्या प्रश्नानं त्यांना जेवता जेवता कळलं.

तेव्हापासून त्यांनी कुकरला हात लावलेला नाही. भाज्या सोलून देतात, तांदूळ निवडतात आणि दूध नासलंय का ते बघायला मला बोलावतात. ज्यांच्या हाताची चव सगळे वाखाणायचे, त्या आता मीठ घालतानाही माझ्या तोंडाकडे बघतात. मला बघवत नाही गं. त्या दिवशी झाकण उघडताक्षणी मलाही लसणाचा वास आला होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही. तेव्हाच हळूच कानात सांगितलं असतं तर!

लाल रिंग त्यांनी शालीखाली जपून ठेवली आहे. मिरची येईल तेव्हा काढीन म्हणाल्या. तर ये. आणि आधी त्यांना दोन ओळी लिही.

तुझी,
वहिनी

दि. २८ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीनं सगळं लिहिलं. आई, मी दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, आणि समोर बसलेल्या तुझा चेहरा मला वाचता आला नाही. चुकलं माझं. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. नंतर फार रडले.

अकरा मेला रविवारी मी येते. लाल रिंग काढ आणि पुडिंग कर. दोन वाट्या खाईन. लसूण लागला तरी खाईन.

रागावू नकोस.
तुझी,
मिरची

दि. १३ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रविवारी येता येत नाही हे दादाला फोनवर सांगितलंच होतं. दुकानातली जोडीदारीण आजारी पडली, किल्ल्या माझ्याकडे आणि गिऱ्हाइकं ठरलेली. तेव्हा हे कारण फार मोठं वाटलं होतं. आता वाटतं, एक दिवस कुलूप लावलं असतं तर कुणी आंधळं होणार नव्हतं. आईनं पुडिंग केलं होतं का? काय म्हणाली? फोनवर विचारायचं धाडस होत नाही.

तुझीच,
मिरची

दि. २० मे

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीला लिहिलेलं मी वाचलं. तिनंच दिलं. उत्तर मीच लिहिते म्हटलं.

पुडिंग केलं होतं. सकाळीच लाल रिंग लावली. दालचिनी घातली, ती बेताची पडली की जास्त, मला कळायला मार्ग नाही. तू येणार नाहीस असा फोन आला तेव्हा कुकर नुकताच बंद केला होता. असो. कामाच्या माणसाला कामं असतात. दादानं वाटी चाटूनपुसून खाल्ली, फार छान म्हणाला. वहिनीही फार छान म्हणाली. मला पटेना. वर्षभर दोघं फार छानच म्हणताहेत, लसणाचंसुद्धा तसंच म्हणून खाल्लं असेल.

तू बोललीस तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? सगळ्यांदेखत बोललीस. तू निघालीस तेव्हा मी झोपले नव्हते. मुद्दाम दारापर्यंत आले नाही, ते आता मनाला लागून राहिलं आहे. या घरात मला खरं सांगणारी तू एकटीच, आणि तुलाच मी तशी जाऊ दिली.

सोबत लाल रिंग पाठवते आहे. वहिनी धुवायला निघाली होती, मी धुऊ दिली नाही. ती वास धरून ठेवते, असं तूच लिहिलं होतंस ना? हुंगून बघ. दालचिनी आहे का, दूध खाली लागलं होतं का, की नुसतंच रबर? जे असेल ते लिही. माझं मन राखू नकोस.

तुझी,
आई