घोड नदीकाठचं बाळ

विश्रांतवाडी, पुणे

ती. आईस,

आधी नमस्कार, मग तुझ्या गुडघ्याची चौकशी. तेल लावतेस ना? परभणीला थंडी पडली का?

मी खोलीवर रुळले आहे. डब्यातलं वरण अळणी असतं, एवढंच.

परवा बाईंनी नदीकाठच्या प्राचीन वस्त्या शिकवल्या. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे घोड नदीच्या काठी शेतकरी राहायचे. त्यांचं तान्हं मूल गेलं, की दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं जुळवून, ते राहत्या घरातच जमिनीखाली पुरायचे.

माझ्या शेजारच्या शहेजादने विचारलं, "घरात? भीती नसेल वाटत?"

बाई म्हणाल्या, "आपल्याच बाळाची कसली भीती?"

मला एकदम तू आठवलीस. माझ्याआधी तुला मुलगा झाला होता आणि तो बारशाआधीच गेला, हे मला मावशीने सांगितलंय. तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. त्या दिवशी मात्र वर्गाबाहेर येऊन खूप रडले. आता बरी आहे, काळजी करू नकोस.

दिवाळीत आपण दोघीच स्वयंपाकघरात असू, तेव्हा सांगशील? दादाचं नाव तू मनात काय ठरवलं होतंस?

तुझी धाकटी,
उल्का