केशराचं दूध

मंगळवार, रात्री

सहावा महिना, रोज आयर्नची गोळी घेतेय, तरी हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आज डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" म्हटलं, केशराच्या दुधाबरोबर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुधाबरोबर ती अंगाला लागत नाही हो. लिंबूपाण्याबरोबर घ्या."

म्हणजे इतके दिवस सगळं वायाच?

ही अक्कल आमच्या सासूबाईंची. शेजारीण म्हणाली, "आयरन की गोली से बच्चा काला होता है." झालं. त्यावर उतारा केशराचं दूध. आणि माझा इंजिनिअर नवरा, निखिल, म्हणतो, "घे ना, आईला बरं वाटतं." आईला बरं वाटावं म्हणून या घरात गोरी झाले ती मीच, पांढरीफटक.

वर सासूबाई अभिमानाने सांगतात, "आमच्या वेळी नव्हत्या बाई गोळ्याबिळ्या." आणि त्यांचा बिनगोळीचा लेक तव्याच्या बुडासारखा. हे त्यांना दिसत कसं नाही?

संध्याकाळी गोळी काढली तर दुधाचा पेला हजर, वर केशराच्या काड्या. मी माझ्यासाठी लिंबू पिळलं आणि पेला निखिलपुढे सरकवला.

"तूच पी. तुझ्या वेळी राहून गेलं."

सासूबाईंचा चेहरा पडला. निखिलने फोनमधून डोकं वर न काढता पेला रिकामा केला आणि म्हणाला, "आई, साखर कमी झालीय."