सोमवारी आटोपले

॥ श्री ॥

ठाकूरद्वार, गिरगाव
१४ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. कालिंदीताईस शरदचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर मी पिवळा आहे. उर्मिला म्हणते, उशीचा अभ्राही पिवळा पडला. काविळीची माळ घातली. माळ लांबली, कावीळ तिथेच. पापलेट बंद, म्हणजे मला. बाकीचे माझ्यासमोर खातात.

परळचे डॉक्टर म्हणतात, पित्ताच्या नळीत बहुधा गाठ आहे. अशा गाठी बहुतेक वाईटच. साधी क्वचित निघते. क्वचित म्हणजे किती, असे विचारले तर त्यांनी तारीखच दिली. येत्या सोमवारी पोट उघडणार.

ताई, मला फार भीती वाटते. हे उर्मिलेला सांगितलेले नाही.

लोभ आहेच, तो माझ्यासारखा पिवळा पडू देऊ नये.

तुझा,
शरदचंद्र

*

परळ, २६ नोव्हेंबर

ती. सौ. वन्संना सा. न.

यांचे सोमवारी सकाळी आटोपले. संपामुळे ट्राम नव्हती. मी गिरगावातून चालत आले, तोवर पोट शिवूनही झाले होते. गाठ वाटाण्याएवढी. तपासणीचा कागद आज आला : अगदी साधी आहे. डॉक्टरांनी अशी गाठ पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदाच पाहिली, म्हणून विद्यार्थ्यांसाठी बरणीत ठेवली. बरणीवर नाव शुद्ध लिहा, असे यांनी बजावले आहे.

इस्पितळाच्या बाकावर लिहिते आहे. चूकभूल माफ करून लोभ असू द्यावा.

सौ. उर्मिला

*

॥ श्री ॥

बडोदे, २९ नोव्हेंबर

चि. शरदचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने कार्डावर श्री लिहिला नाही. बिनश्रीचे कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे लहान मुलालाही ठाऊक. मी ‘आटोपले’पर्यंत वाचले, रीतीप्रमाणे कार्ड फाडले आणि डोक्यावरून पाणी घेतले. चूल पेटवली नाही. किती रडले ते शेजारच्या कमलला विचार. तिने तीनदा दार वाजवले. सुतक नक्की कुठल्या दिवसापासून मोजायचे, हे पाहायला यांनी तुकडे जुळवले, तेव्हा वाटाणा सापडला. मग पुन्हा रडले, ते यांना समजेना.

उर्मिलेला रागावू नकोस. आठवडाभर त्या बाकावर बसून मला स्वतःचे नावही आठवले नसते.

लोभ ठेव, आणि वयाने मोठी मी आहे हेही ध्यानात ठेव. तुझ्या नावाने मी एकदा अंघोळ केली. पुन्हा करणार नाही. आता पाळी तुझी.

कालिंदी