आमोसने निवडलेला शब्द

अहमदनगर, ता. ४ मे १९७२

प्रिय कृपास,
लिडियाचा सप्रेम सलाम वि. वि.

सुप्याच्या अंगणात आपण शेंगा फोडत होतो आणि तुझा चिमुकला आमोस टरफलांच्या ढिगातच झोपला होता, आठवतं? आज तो माझ्या टेबलाशी बसून ओसाकाच्या कारखान्याला जपानीत पत्र लिहीत होता. रजा संपली की परत येतो, एवढंच कळवायचं. इंग्रजीत त्याला एकच शब्द, जपानीत दोन. ‘मोदोरु’ म्हणजे आधीच्या जागी पुन्हा जाणं, ‘काएरु’ म्हणजे आपल्या घरी जाणं. मिशन दवाखान्यातल्या मिस तानाबेंनी मला शिकवलं, मी त्याला. बराच वेळ थांबून त्यानं ‘काएरु’ लिहिलं.

माझा भाऊ गेल्यापासून तू एकटी. त्यात आमोससाठी राहात्याची मुलगी पाहून ठेवली आहेस. तुला अंधारात ठेवणं बरं वाटेना.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझी,
लिडिया

सुपा, ता. ९ मे

लिडियाताईंस,
कृपाचा सलाम.

टरफलं आठवतात, पण त्यातनं उचलून त्याला घरात मीच नेलं, ते न्हाई आठवत? शाळेसाठी पोरगं तुमच्याकडं ठेवलं, तर तुम्ही ते परकं करून धाडलंत. त्याच्या वह्यांवर तुमची लाल पेन्सिल सारखी फिरायची. याच शब्दावर का अडली? ‘बाळा, चुकलास, तुझं घर सुप्यात हाय,’ एवढं म्हणायला जीभ झिजली असती? तुम्हाला लेकरू न्हाई, म्हणून कुणालाच असू नये व्हय?

पत्र टाकलं नसंल तर तो शब्द खोडा. टाकलं असंल तर पोरगा चुकला, असं मालकाला लिहा. न्हाईतर त्याला निरोप द्यायला स्टेशनावर तोंड दाखवू नका. त्या भाषेत दहा शब्द असू द्या, माझ्या घराला दार एकच हाय.

यंदा लोभ मागत न्हाई.
कृपा

अहमदनगर, ता. १३ मे

प्रिय कृपास,
सलाम.

पत्र गेलं. मालकाला मी लिहिणार नाही. भाषेची चूक असती तर पेन्सिल उचलली असती. मीही त्याला म्हटलं होतं, अरे, घर सुप्याला ना? तो म्हणाला, आत्या, तिथं मी पाहुणा झालोय, आई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. राग आला मला, त्याचा आणि तुझाही.

स्टेशनावर येत नाही. मी विणलेला स्वेटर सोबत पाठवते, तो त्याला तूच दे, माझं नाव नको. माझा जपानी शब्दकोश मिशन दवाखान्याला जाईल. राहात्याच्या मुलीसाठी मी घेतलेलं लुगडंही पाठवते, ते तिलाच पोचव, तिचा काय दोष? आणि माझ्याकडची त्याची खाट उद्याच्या टेम्पोनं धाडते. ती तुझी. पाहुण्यांसारखी ओसरीवर टाकू नकोस, आतल्या खोलीत घाल.

लिडिया