परत अशीच संधी द्या

चि. वैजनाथ यास,

तुझं ते ट्रेनिंग गेलं खड्ड्यात! आशीर्वाद नंतर देते, आधी ऐक. (तुझा गुडघा कसा आहे? माझा दुखतोच.) फोन केला की तू मीटिंगमध्ये, म्हणून लिहितेय. कागद मधेच कट करता येत नाही.

दिवाळीला माझ्या चकल्या खात खात तू मला कंपनीतलं शिकवलंस, की सगळ्या माणसांना एकाच काठीनं हाकू नये. ज्याला येत नाही त्याला एकेक करून सांगावं, ज्याला येतं त्याच्या डोक्यावर बसू नये, आणि येत असून मन लागत नसेल तर जवळ बसून विचारावं. पण कुणाला काय येतं ते ओळखायचं कसं, हे सांगायला साहेब विसरले आणि मी पडले चौथी शिकलेली. राजनंदिनी आपल्या केटरिंगात नवी, नांदेडकडची, हसरी, सांगायच्या आत पळणारी. मला वाटलं, हिला सगळं येतं. म्हटलं, वाढपाचं तुझं तू बघ. तुळजाबाई पहिल्या ऑर्डरपासून माझ्याकडे, पण (नवरा गेल्यापासून) एकदम गप्प. मला वाटलं, कामाचा कंटाळा. मग राहिले उभी त्यांच्या डोक्यावर. मीठ किती, पुरी केवढी, झारा कसा धरायचा. ज्यांनी मला आमटी शिकवली, त्यांना!

परवा कर्वेनगरला तेराव्याचं जेवण होतं. घरातला कर्ता मुलगा गेलेला, कुणी मान वर करत नव्हतं. आणि राजनंदिनी लग्नातल्यासारखी आग्रह करतेय, "काका, एक लाडू माझ्यासाठी!" म्हातारे वडील उठले, तर दारात हात जोडून म्हणते, "जेवण आवडलं ना? परत अशीच संधी द्या!" वडील म्हणाले, "पोरी, आता नंबर माझाच."

एरवी तुळजाबाई नव्या मुलींना आधीच बजावतात, की दुःखाच्या घरी 'परत' हा शब्द नाही, गपचूप वाढायचं. या वेळी का नाही सांगितलं म्हणून टेम्पोत मी त्यांच्यावर ओरडले.

"तुम्हीच म्हणालात, तळणाकडे बघा, बाकीच्यात तोंड घालू नका."

"मग तोंड पाडून बसता, मला काय कळणार?"

"बाई, माझा नवरा गेलाय. हात नाही गेले."

सिग्नलला टेम्पो थांबला, तशा उतरून गेल्या. त्या दिवसापासून येत नाहीत. फोन वाजतो, उचलत नाहीत.

रविवारी दुसरीकडे तेरावा आहे. राजनंदिनीला आता शेजारी उभं करून एकेक शिकवतेय. रडते, पण शिकते. तळणालाही कुणी मिळेल. तुळजाबाई कुठून आणू?

तुझी ताई,
विमल

ता. क. ट्रेनिंगला बोलले ते सोड. तुळजाबाई तुझ्या येरवड्यातच राहतात, तर जरा त्यांच्या घरी जा. मी पाठवलं म्हणू नकोस. कामाचं अक्षर काढू नकोस. नवऱ्याचं विचार. शेवटी त्यांना काय झालं होतं, ते मी एकदाही विचारलं नाही.

आणखी ता. क. राहू दे, तू नको विचारूस. मी आले तर दार उघडतील का, एवढंच विचार. गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळव.