तेरवीला आलेल्या गाड्या

बाबा, आज सकाळपासून नुसती किळस येते आहे, आणि ती सांगावी असं घरात कोणी उरलेलं नाही. शेजारच्या मुलाची आज तेरवी होती. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तुमच्यानंतर जन्मला. शाळेत माझ्याच हाताखाली शिकला. वलगावच्या शेतावर घर चालेना म्हणून नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला होता. मोटारसायकलनं जायचा, सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकलेली. तो चौकात वळला की आपल्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. मी दोनदा समजावलं. "सर, आवाज असला का लोक आपोआप बाजूले होतात," म्हणायचा. ट्रक काही बाजूला झाला नाही. हेल्मेट आरशाला लटकवलेलं होतं, त्याला साधा ओरखडासुद्धा नाही.

तेव्हा तुमची फार आठवण झाली. तुमची बदली अकोल्याला होती, आपण स्कूटरवरून अमरावतीला येतो आहोत, मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो आहोत. स्कूटर मी चालवतो आहे. उन्हानं डोकं उकडतंय म्हणून तुम्हीच आणून दिलेलं हेल्मेट मी हँडलला अडकवतो आणि निघायला बघतो. "काहून रे, तुह्यं डोकं हँडलले हाय का?" तुम्ही चारचौघांत विचारता. चहावाला फिदीफिदी हसला. मी फणफणत हेल्मेट घातलं आणि बडनेऱ्यापर्यंत तुमच्याशी बोललो नाही.

आज पंगत बसायच्या आधी त्याचे मित्र आले. वीस-पंचवीस गाड्या, पुढे त्याच्या गॉगल घातलेल्या फोटोचा फ्लेक्स, आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. दारासमोर थांबून त्यांनी गाड्यांच्या मुठी अशा पिळल्या की फटाके फुटल्यासारखे बार निघाले, सगळा धूर जेवणाच्या मांडवात. याला म्हणे श्रद्धांजली. मी बाहेर जाऊन ओरडलो, "अरे, तो कशानं गेला, कळतं का तुम्हाला?" पुढचा शांतपणे म्हणाला, "सर, नशीब होतं त्याचं. आवाज त्याले लय आवडे." आणि पुन्हा पिळली. थुंकावंसं वाटलं, बाबा. ज्या मस्तीनं पोरगं गेलं तीच त्याच्या दारात ओवाळत होते. मी न जेवताच घरी आलो.

दुपारी पाहुणे पांगल्यावर त्याची आई कुंपणाशी आली. मला वाटलं, त्या पोरांची तक्रार करायला आली असेल.

"भाऊ, एवढ्या गाड्या वाजल्या, पन त्याचीच नाई वाजली," ती म्हणाली. "मले चालू करता येत नाई."

"कशाले आता, वहिनी?"

"तो चौकात वळला का मी तवा ठेवो. आता तवा कवा ठेवाव, समजतच नाई."

पोलिसांनी आणून सोडलेली गाडी अंगणात उभी होती, पुढचं मडगार्ड वाकलेलं. मी किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि पिळली. तो घाणेरडा आवाज थेट छातीत बसला. समोरच्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. ती सीटवर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही. बऱ्याच वेळानं आत गेली, तेव्हा मी गाडी बंद केली.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे. निघताना तिनं काही मागितलं नव्हतं. उद्या संध्याकाळी गाडी चालू करायला पुन्हा येतो, असं मीच आपणहून दारातून तिला सांगून आलो.